तवा ठेव

धनाजीनं मल्लेशच्या तळहातावर टाळी दिली आणि पैज पक्की झाली. हरेल त्यानं भर दुपारी, तेर गावच्या एसटी स्टँडसमोर, बसवराजच्या सलूनची खुर्ची बाहेर मांडून अर्धी मिशी उतरवायची. अर्धीच. उरलेली आठ दिवस तशीच मिरवायची.

पैज संघपालच्या पिकअपवर होती. गाडी मुळात त्याच्या थोरल्या भावाची, प्रेमानंदची. तो चार महिन्यांखाली गेला. धनाजी त्याचा जिगरी दोस्त, पण तेव्हा सोलापूरला लेकीकडं होता. मातीला पोचला न्हाय, दोस्तासाठी मिशीबी उतरवली न्हाय. मग गाडी संघपाल चालवू लागला. आता महिनाभर झाला, स्टँडसमोरच्या आपल्या गल्लीत डावीकडं वळलं की हॉर्नचा फ्यूज उडायचा. रोज. दुसरीकडं कुठंच न्हाय. त्याच वळणावर प्रेमानंद हॉर्न द्यायचा, दोन आखूड, एक लांब. म्हणजे घरात त्याच्या बायकोनं, नंदानं, तवा ठेवायचा.

धनाजी गावभर सांगत सुटला होता, प्रेमाला हॉर्नवर दुसऱ्याचा हात खपत न्हाय. मल्लेश मिस्त्री म्हणायचा, वायर हाय, भूत न्हाय. संघपालची मात्र झोप उडाली. गाडी विकायची म्हणून रविवारी त्यानं गिऱ्हाईक बोलावलं होतं. नंदानं एवढंच विचारलं होतं,

"भाऊजी, त्यांचं आणखी काय काय काढणार घरातनं?"



मल्लेशनं फ्यूज काढून त्या जागी बल्ब जोडला. वायर कुठं लोखंडाला टेकली की बल्ब भक्कन पेटणार. संघपालनं स्टिअरिंग उजवीकडं फिरवलं, काही न्हाय. डावीकडं पुरतं फिरवलं आणि बल्ब पेटला. एवढं पुरतं वळण त्या गल्लीच्या तोंडाशीच लागायचं. मल्लेशनं स्टिअरिंगखाली हात घालून वायर ओढली. इंचभर कवच गेलेलं, आतलं तांबं उघडं.

"घासली न्हाय ही," तो म्हणाला. "ब्लेडनं सोललीय."

धनाजी मिशीवर हात फिरवत एसटीच्या पाटीकडं बघत राहिला.

मल्लेशनं तेवढा तुकडा कापून टाकला, बल्ब काढला, फ्यूज खिशात घातला. टेप आणेपर्यंत गाडी सावलीला घे म्हणाला. संघपालनं गाडी गल्लीत डावीकडं वळवली.

हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब.

संघपालनं दोन्ही हात खिडकीबाहेर काढून दाखवले.  घरात तवा वाजला. नंदा पिठाच्या हातानं दारात आली, गाडीकडं बघत म्हणाली,

"ठेवलाय."

मग दिराकडं वळली.

"रविवारी कुणाला बोलावू नका, भाऊजी."

"न्हाय बोलावत, वहिनी."

मल्लेशनं खिसा चाचपला. फ्यूज तिथंच होता. तो सलूनच्या खुर्चीत जाऊन बसला.

"जिंकलास लेका. काढ म्हणावं मिशी."

धनाजीनं त्याला दंडाला धरून उठवलं.

"ऊठ. वायर म्या सोलली होती. गंमत म्हणून."

"आन् आत्ता वाजलं ते?"

"ते म्या न्हाय."

तो खुर्चीत बसला. एसटीची वाट बघणारी माणसं भोवती जमली. गावाला हसवणारा माणूस तोंडाला फेस लावून बसलेला, पण कुणाला हसू येईना. बसवराजनं वस्तरा फिरवला, अर्धी मिशी उतरली. तो वस्तरा पुसून ठेवणार, तेवढ्यात धनाजीनं त्याचं मनगट धरलं. डोळे गल्लीतल्या पिकअपवर होते.

"दुसरीबी काढ," तो म्हणाला. "ती राहिली होती."