आपणहून बाजूला

मी दिवसभर लोकांचं रक्त काढते. डोंबिवली पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. समोर कितीही मोठा साहेब बसलेला असो, त्याला मूठ आवळायला लावते आणि सुई टोचताना माझा हात तसूभरही हलत नाही. पण महिन्याच्या महिन्याला स्वतःचं रक्त आलं, की हीच खमकी बाई उशी उचलून हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला जायची. तेही बाळकुमच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जिथे मी आणि माझा नवरा साकेत सोडून तिसरं माणूस नाही. लग्नाला सात वर्षं झाली तरी हे चालूच होतं.

शिकवण आईची. माझं माहेर विठ्ठलवाडीला, मूळ गाव साताऱ्याकडचं. दोन खोल्यांच्या घरात बाजूला बसायला जागा कुठून आणणार? मग दाराजवळ गोणपाटाची घडी, वेगळं ताट, आणि लोणच्याच्या बरणीकडे नजरसुद्धा टाकायची नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायचं, कावळा शिवला. त्या कावळ्याला दुसरं कुणी सापडत नाही का, असं मी एकदा विचारलं आणि आईचा फटका खाल्ला. तोही लाटण्याने, कारण हाताने मला शिवायचं नव्हतं.

साकेतचं घर डोंबिवलीचं, चार पिढ्या शिकलेलं, देवघर मोठं. लग्न ठरलं तेव्हा आईने मला कानमंत्र दिला की त्यांच्यात सोवळंओवळं फार असतं, कुणी बोलायच्या आत आपणहून बाजूला हो, आईबापाचं नाव निघायला नको. मी झाले. पहिल्या महिन्यात उशी घेऊन बाहेर आले तेव्हा साकेतने नुसतं पाहिलं. सकाळी गरम पाण्याची पिशवी आणि चहा सोफ्यापाशी आणून दिला, पण आत चल म्हणाला नाही. मी मनात म्हटलं, आईचं बरोबरच होतं.

आता जे सांगायचंय ते सांगून टाकते, लाजून किती दिवस काढणार? साकेत माझ्यावर तोंडाने प्रेम करतो आणि ते मला फार आवडतं. मराठीत त्याला एक शब्द आहे, पण तो उच्चारला की सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं, म्हणून राहू दे. पंचाईत अशी, की मला त्याची सगळ्यात जास्त ओढ लागते ती पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. अगदी अंग तापल्यासारखी. आणि ते दिवस मी हॉलमध्ये छताचा पंखा बघत काढायचे. ज्या दिवसांत आईने लोणच्याला हात लावू दिला नाही, त्याच दिवसांत नवऱ्याने तिथे तोंड लावावं, असं मला वाटत होतं. माझी मलाच भीती वाटायची.

सांगायचं धाडस झालं ते एका रविवारी सकाळी. साकेत बाल्कनीत बसून मेथी निवडत होता. मी शेजारी बसले आणि बांधून ठेवलेलं वाक्य विसरून भलतंच काहीतरी बोलून गेले, पण त्याला कळलं. माझा जीव टांगणीला लागला होता. त्याने नाक मुरडलं असतं ना, तर तो चेहरा मला जन्मभर दिसत राहिला असता. बाकीच्या दिवसांतही मी पुन्हा त्याच्याजवळ मोकळी झाले नसते.

त्याने हातातली काडी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे तू त्या दिवसांत आत झोपशील?"

मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, "अगं, मला वाटलेलं तुमच्याकडचा नियम आहे. तुझ्या आईंना वाईट वाटेल म्हणून मी कधी बोललो नाही. आमच्याकडे तर आजीनेच हे सगळं बंद केलेलं."

आधी मला हसू आलं, मग असा राग आला की विचारू नका. एवढी वर्षं पाठ अवघडून त्या सोफ्यावर झोपले ती कोणासाठी? तो माझ्या माहेरचा मान राखत होता आणि मी माझ्या सासरचा. दोन शहाणी माणसं एका घरात राहिली की असं होतं.

मग तो खरं तेच बोलला, आणि त्याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे. म्हणाला, मला घाण वाटत नाही, पण रक्त बघितलं की पोटात गोळा येतो, आणि त्यातून काही आजार होतो का तेही माहीत नाही. आधी माहिती काढू, मग बघू. आणि नाहीच जमलं तर मी तसं सांगेन, तू मनाला लावून घ्यायचं नाहीस. शूर नवऱ्याचा आव आणला असता तर मला इतकं हलकं वाटलं नसतं.

तपासण्या कोणत्या करायच्या ते मला तोंडपाठ होतं. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस. त्याचं रक्त मीच काढलं. साहेबांनी तोंड भिंतीकडे वळवून एकोणतिसाचा पाढा म्हटला, तोही चुकीचा. दोघांचेही रिपोर्ट स्वच्छ आले. काविळीची लस मी नोकरीमुळे घेतलेली होती, त्याचीही सुरू केली. आता काय, सगळं शास्त्रशुद्ध झालं, अशा तोऱ्यात मी पुढच्या पाळीची वाट बघू लागले. पाळीची वाट बघायची, ही माझ्यासाठी नवीनच गोष्ट होती.

आणि तिथेच मी माती खाल्ली. शनिवारची दुपार, दुसरा दिवस. आंघोळीला गेले तेव्हा हाताला लागलेली सवय जागी झाली. सुई टोचण्याआधी जागा जंतुनाशकाने पुसायची, हा माझा रोजचा धडा. त्यात मनाच्या तळाशी आईचा गोणपाट होताच. मी मगभर पाण्यात जखमा धुवायचं औषध ओतलं, तेही सढळ हाताने, आणि बाहेरून, आतून, सगळीकडून स्वतःला घासून धुतलं. दोन मिनिटांत आग आग झाली. दात आवळून, पाय फाकवत बाहेर आले आणि काही घडलंच नाही अशी पलंगावर पडले.

साकेत जवळ आला आणि थांबला. दवाखान्यासारखा वास कसला येतोय, म्हणाला. मी म्हटलं, वास सोड, तू ये. तो आला नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "योगिनी, तुला दुखतंय. आज नको."

ज्याची इतके दिवस धास्ती होती तेच झालं, असं मला वाटलं. आला अखेर नकोसा चेहरा. मी उशी उचलली आणि हॉलकडे निघाले. त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"सोफ्यावर हवं तर मी जातो," तो म्हणाला. "तू इथून हलायचं नाहीस."

मी तिथेच बसून रडले. मग त्याला औषधाची बाटली दाखवली. त्याने कपाळाला हात लावला आणि गार पाण्याची बादली भरून दिली.

सोमवारी आम्ही लॅबजवळच्या माया डॉक्टरांकडे गेलो. बाई साठीच्या पुढच्या आहेत, बोलणं शुद्ध आणि फटकळ. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं की हे कशासाठी केलंत. मी अर्धंच सांगितलं, बाकीचं त्यांनी ओळखलं. मी लॅबमध्ये काम करते हे कळल्यावर तर मला वाटलं आता माझी खैर नाही. पण त्यांनी साकेतला आत बोलावलं आणि आम्हाला दोघांना समोर बसवून, वरणाला फोडणी कशी द्यायची हे सांगावं इतक्या सहज सगळं सांगितलं.

धुवायचं ते साध्या पाण्याने आणि फक्त बाहेरून, आतली जागा आपली आपण स्वच्छ राहते. दोघांचे रिपोर्ट चांगले आहेत आणि दुसरं कुणी मध्ये नाही, म्हणजे धोका कमीच, तरी अगदी नाहीच असं नाही. त्याच्या तोंडात फोड असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल तर त्या दिवशी नाही. त्याच्या अगदी आधी दात घासू नका, हिरड्या दुखावतात. मनाला बरं वाटत असेल तर कंडोम उभा कापून त्याचा पातळ पडदा मध्ये धरा, किंवा हिने पाळीचा कप घालावा म्हणजे रक्त फारसं येणार नाही. साकेतचे कान लाल झाले होते, पण त्याने प्रश्न विचारले, एक सोडून तीन. कुणालाही नको वाटलं तर त्या क्षणी थांबायचं, हे बाईंनी दोनदा बजावलं.

निघताना त्या मला म्हणाल्या, "विटाळ हा आजार नाही. त्यामुळे त्यावर औषध लावत बसू नका."

इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला हाताने उठवलं, पाळी अजून चालू होती तरी.

पुढच्या महिन्यात ते झालं. भर दुपारी, पडदे ओढून, खाली जुना गडद टॉवेल घालून. साकेतने कात्रीने कंडोम उभा कापला तेव्हा शाळेतला हस्तव्यवसायाचा तास आठवून आम्ही इतके हसलो की निम्मी भीती तिथेच गेली. मध्येच त्याने मान वर करून विचारलं, बरं वाटतंय ना? मी नुसता त्याच्या केसांवर हात ठेवला. सुख किती झालं ते माझं माझ्याजवळ राहू दे. पण एक सांगते. तिथून मी स्वतःच कायम तोंड फिरवलं होतं, आणि हा माणूस तिथे निवांत होता, काही घाई नाही, काही सहन करत असल्यासारखं नाही. मला रडू फुटलं. तो घाबरून थांबला. मी म्हटलं, थांबू नकोस.

आपल्यात नवराबायकोने एकमेकांचे आभार मानायची पद्धत नाही. मी मानले. चक्क "तुझे आभार" म्हटलं. तो म्हणाला, अध्यक्षीय भाषण झालं असेल तर चहा टाकतो. चहा घेऊन आल्यावर मात्र हळूच म्हणाला, तू मागितलंस ते बरं केलंस, मला वाटायचं त्या दिवसांत तुला मीच नको असतो.

दिवाळीनंतर आई राहायला आली. नेमका माझा दुसरा दिवस. जेवणं झाल्यावर तिने माझ्या हातातली गरम पाण्याची पिशवी बघितली आणि हॉलमध्ये सतरंजी अंथरली. आत जाऊन माझी उशी घेऊन आली आणि तिच्यावर ठेवली. साकेत बाहेर आला. मला वाटलं, आईसमोर हा गप्प बसेल.

"आई, ती आत झोपते," तो म्हणाला.

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमच्यात चालतं व्हय, साकेतराव?"

"आमच्यात हे नव्हतंच, आई. मला वाटलं तुमच्यात आहे."

एवढं बोलून तो भांडी आवरायला गेला. आई सतरंजीवर बसली. बराच वेळ तिचं घड्या चाचपणं चाललं होतं. मला वाटलं तिला राग आलाय, मी काही चढं बोलायच्या तयारीत होते. दोघांत काय होतं ते मी तिला सांगणार नव्हतेच, पण मी आता बाहेर झोपणार नाही, एवढं तरी सांगायचंच होतं.

"तुझं बाबा त्या चार दिसांत माझ्याकडं बघायचंसुदिक न्हाईत," आई म्हणाली. "मी दाराशी पडलेली असायची. सारखं वाटायचं, एकदा तरी म्हणतील, आत ये. मी गेले असते गं."

बाबांना जाऊन पाच वर्षं झाली, आता त्यांच्यावर रागावून तरी काय उपयोग. मी आईचा हात धरला. तिने सवयीने तो मागे घेतला, मग पुन्हा माझ्या हातात दिला.

"आई, आत ये," मी म्हटलं.

साकेतला आम्ही हॉल देऊन टाकला. आई आधी पलंगाच्या कडेला अंग चोरून बसली, मग माझ्या शेजारी आडवी झाली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तिने डोळे मिटले.