मैनेनं निवडलेलं पुस्तक

धोंडू शाळेत शिरला तो हातात कोयती घेऊनच. शाळेखालच्या वावरात आम्ही राब भाजत होतो. भाताच्या रोपासाठी पसरलेला वाळक्या पानांचा पातेरा नुकता पेटला होता आणि हा गडी काम टाकून तरातरा वर चढला. मी शाळा समितीचा अध्यक्ष, त्यातून त्याचा शेजारी. धावत मागे गेलो.

सोनालीबाईंनी वर्गात सुतळी बांधून तिच्यावर पुस्तकं टांगली होती. रोज अर्धा तास, ज्याला हवं ते त्यानं घ्यायचं, बाई मध्ये बोलायच्या नाहीत. मला हे थेर पहिल्यापासून पटलं नव्हतं. पोरांना काय कळतंय? धोंडूची तिसरीतली मैना महिनाभर एकच पुस्तक घेत होती. सापांचं.

"माज्या पोरीला ह्ये पुस्तक कुनी दिलं?" धोंडू गरजला.

"कुणी दिलं नाही. तिनं निवडलं," बाई म्हणाल्या.

"आट वरसांची पोर निवडनार?"

त्यानं कोयती फिरवली. सुतळी तुटली, पुस्तकं भुईवर पडली. बाई आडव्या आल्या, तर त्यानं असं ढकललं की फळ्याच्या कडेवर आपटून त्यांचं कपाळ फुटलं. पोरं रडायला लागली. मैना रडली नाही. तिच्या गालावर सकाळचीच चार बोटं उठलेली होती.

सकाळी बापासाठी न्याहारी घेऊन आली तेव्हा तिनं विचारलं होतं, "बाबा, आयेला फुरसं चावलं तवा दवाखान्यात का नाय नेलीस?"

गेल्या वर्षी असाच पातेरा गोळा करताना धोंडूच्या बायकोला फुरसं चावलं. भगतानं दुपारपर्यंत निंबाचा पाला झोडला. दिवस मावळायच्या आत ती गेली.

धोंडूनं मैनेच्या हातातलं पुस्तक हिसकलं, तिला वेणीला धरून फरफटत वावरात आणलं आणि पुस्तक जाळात टाकलं. पोरीनं सरळ आगीत हात घातला! त्यानं मागं ओढली तर तिनं त्याच्या मनगटाला कडाडून चावा घेतला. रक्त आलं. त्यानं तिला लाथ घातली, वर दांडका उगारला. मी तो धरला, तर एक माझ्याही खांद्यावर बसला.

राखेत पडल्या पडल्या पोरगी ओरडली, "जाळ! माला आख्खं पाठ हाय!" आणि सगळ्या गावासमोर म्हणायला लागली, "साप चावला तर घाबरू नका. दोरीनं आवळू नका. मंत्रात वेळ घालवू नका. ताबडतोब दवाखान्यात न्या. तिथं औषध असतं."

धोंडूचा हात तसाच वर राहिला.

"कशी नेनार गो?" त्याचा आवाज फाटला. "वाडीत एकच जीप. ती घेवन ह्यो काशीरामदादा भगताला आनाया गेल्ता."

मैनेनं माझ्याकडं पाहिलं. "भगत कुटला व्हता, काका?"

"महाडचा."

"म्हंजी पोलादपूरच्या दवाखान्यावरनंच गेलास ना?"

राब धडधडत होता. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. खोटं बोलायची फार इच्छा झाली.

"व्हय," मी म्हणालो. "जाताना बी, येताना बी."

धोंडूनं मला तिथंच तोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण त्यानं दांडका टाकला आणि राखेत फतकल मारली. पोरीच्या हाताची कातडी सुटत होती. तो फुंकर घालत बसला, गुरासारखा रडत.

मी जीप काढली. मागं तो पोरीला मांडीवर घेऊन बसला, पुढं बाई कपाळाला रुमाल दाबून. घाट उतरलो.

तशी मैना कण्हत म्हणाली, "बाई, उद्या कंचं पुस्तक घेव?"

बाईंनी धोंडूकडं पाहिलं. तो खाली बघत होता.

"तुला हवं ते," बाई म्हणाल्या.

अध्यक्षाचं मत कुणी विचारलं नाही. पोलादपूर आलं. या वेळी मी दवाखान्यासमोर जीप थांबवली.