दोनदा टीं

"ह्या घरमा कोनी सरळ बोलतच नही. समदा नुसता पुटपुटतस."

हे वाक्य आमच्या नूतनच्या पप्पांनी माझ्यापासून वीतभर अंतरावर, शेंगा सोलता सोलता, स्वतःशी म्हटलं. स्वतःशी म्हणजे त्यांच्या मते. भिंतीपलीकडून शेजारच्या लीलाने "काय झालं हो भाऊजी?" असं विचारलंसुद्धा. ते त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही. मीही पुटपुटणाऱ्यांपैकीच, म्हणून गप्प राहिले.

त्यांचं नाव हिलाल. तोंडाने मी घेत नाही, कागदावर घ्यायला हरकत नाही. आम्ही मूळचे अमळनेरकडचे, कापडाच्या कारखान्यांपायी इकडे डिंडोलीत येऊन राहिलेले. हिलालांनी वीस वर्षांच्या वर लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. कारखान्यात एकदा मशीनं सुरू झाली की माणसं तोंडाने बोलतच नाहीत. हाताने बोलतात, भुवयांनी बोलतात, समोरच्याचे ओठ वाचतात. इतक्या वर्षांत त्यांच्या कानांनी आपसात वाटणी करून घेतली: जाड आवाज ठेवले, बारीक सोडून दिले. ट्रकचा हॉर्न कळतो, पुरुषाचं बोलणं कळतं. कुकरची शिट्टी, दारावरची घंटा, पोरीची हाक, हे सगळं गेलं.

हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं आणि तिघांनीही कधी म्हटलेलं नव्हतं.

न म्हणण्याला कारण होतं. त्यांच्या कारखान्यात राघो म्हणून एक कारागीर होता. त्याचे कान गेले तसा शेठने त्याच्या हातात झाडू दिला, आणि नवी पोरं त्याच्या पाठीमागे उभी राहून त्याला वाटेल ते बोलायची, हसायची. राघोही मागे वळून त्यांच्याबरोबर हसायचा. हिलाल घरी येऊन हे सांगायचे आणि मग जेवायचे नाहीत. आपल्यावर ती वेळ यायच्या आत ते स्वतःच्या पायांनी लूमवरून उतरले. हातात जे काही आलं त्यातून त्यांनी नूतनसाठी जुना लॅपटॉप घेतला. नूतन कॉम्प्युटरचा कोर्स करून साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं करायला लागली होती. चित्र कॉम्प्युटरवर उतरवायचं, टाके पाडायचे, फ्लॉपीत भरून भरतकामाच्या कारखान्यात द्यायचं. धंद्याचं कार्ड छापलं तेव्हा तिने त्यावर खाली लिहिलं: 'संपर्क: हिलालभाई'. फोन घ्यायचा आणि फ्लॉप्या पोहोचवायच्या, हे त्यांचं काम. कार्ड आलं त्या दिवशी त्यांनी ते देवघरात ठेवलं, मग काढून खिशात ठेवलं, आणि मग गल्लीत सगळ्यांना दाखवून परत देवघरात ठेवलं.

फोनचं काम ते छान करत. घंटा वाजली की मी किंवा नूतन सहज म्हटल्यासारखं त्यांच्या समोरून जायचो आणि फोनकडे बघायचो. "माले ठाऊक शे," म्हणत ते उठायचे. पलसाणा, सचिन या आजूबाजूच्या गावांतले शेठ जाड आवाजाचे. त्यांच्याशी गप्पा रंगायच्या. बाईचा फोन आला की मात्र आमची लाइन खराब व्हायची. "हॅलो, हॅलो, लाइनमा खरखर शे," असं म्हणून ते रिसीव्हर ठेवत, आणि नूतन पाच मिनिटांनी हळूच त्या बाईला फोन लावत असे. टेलिफोन खात्याला आम्ही तिघांनी मिळून जेवढ्या शिव्या घातल्या असतील त्यातल्या निम्म्याही खात्याच्या वाट्याच्या नव्हत्या.

तर नव्याण्णव साल, नवरात्र नुकती झालेली. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर एकोणीसशे साल दाखवतील, अशी हवा तेव्हा सगळीकडे होती. उधन्याला आमच्या खान्देशातल्याच कुंदनचं रिपेरिंगचं दुकान आहे. लॅपटॉप त्याच्याकडूनच घेतलेला. त्याने एक फ्लॉपी दिली. मशीनच्या पोटात बायोस नावाचं एक असतं म्हणे. बटण दाबल्यावर मशीनला आपण कोण, आपल्याला काय काय अवयव आहेत, हे आठवतं ते त्यामुळे. जुनं बायोस काढून नवं भरायचं होतं.

"मी येस काका दोन दिवसमा," कुंदन म्हणाला होता. त्याचा आवाज म्हणजे रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा. म्हणून हिलालांचं त्याच्यावर फार प्रेम.

"तू कशाले येस? मी लूम खोलीसन जोडेल शे. ही तं फ्लॉपी."

"मंग बॅटरी बी लावेल राहू द्या, वायर बी. मधमा लाइट गई तं मशीन गयं."

नूतन सकाळीच सचिनला गेली होती. तिथल्या एका मोठ्या कारखान्याचं काम मिळायचं घाटत होतं. ती यायच्या आत मशीन नव्या सालासाठी तयार करून ठेवायचं, असा यांचा बेत. मला म्हणाले, मध्ये बोलू नको. मी म्हटलं, बरं. फ्लॉपी घातली, मशीन सुरू केलं, विचारलं तिथे 'वाय' दाबलं. पडद्यावर एक पट्टी सरकत सरकत भरली. ती भरेपर्यंत हे हात मागे बांधून उभे होते, पूजा चालू असल्यासारखे. मग फ्लॉपी काढून पुन्हा सुरू करा, असा निरोप आला. त्यांनी केलं.

पडदा काळाच राहिला. हिरवा दिवा लागला, आतला पंखा फिरला, आणि मशीन म्हणालं: टीं टीं.

मी स्वयंपाकघरात होते. मला स्वच्छ ऐकू आलं. दोनदा.

"चूप बसी गयं," हिलाल म्हणाले. "काहीच बोलत नही."

लॅपटॉपचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्याच्या काळजीत कोणी राहू नये. लॅपटॉप नीट झाला. दोनदा टीं म्हणजे फार काही नसतं. नवं बायोस भरलं की काही मशीनं जुन्या खुणा विसरतात. बॅटरी, वायर आणि पोटातली बटणाएवढी बॅटरी असं सगळं काढून थोडा वेळ स्वस्थ ठेवायचं, मग जोडून खुणा पुन्हा भरायच्या. आमच्या मशीनला त्यानंतरही सन एकोणीसशे ऐंशी वाटत होतं, ते दुरुस्त केलं. मग डिझाइनचा प्रोग्राम उघडेना. त्याची चावी, म्हणजे बोटाएवढा एक तुकडा, मशीनच्या पाठीमागे प्रिंटरची वायर लावायच्या तोंडात खोचलेली असते, ती त्याला दिसत नव्हती. त्या तोंडाची पद्धत बदलून पहिल्यासारखी केल्यावर दिसली. हे सगळं कुंदनने फोनवरून सांगितलं आणि अर्ध्या तासात झालं. फक्त त्याला आधी कोणीतरी 'दोन' म्हणायला हवं होतं.

हिलालांनी कुंदनला फोन लावला.

"काका, घाबरू नका," पिंपातून आवाज आला. रिसीव्हर कानावर घट्ट दाबलेला असूनही मला ऐकू येत होता. "बंद करीसन चालू करा. टीं वाजी. किती डाव वाजस ते सांगा."

हिलालांनी बंद केलं, चालू केलं. मशीनवर वाकून कान लावला. टीं टीं. त्यांनी थोडा विचार केला. दुकानात उधारी मागायला आलेल्या माणसाला आपण देतो तसं, कमीत कमी उत्तर दिलं.

"एक."

"एक? मंग मशीन चांगलं शे. पडदानी वायर ढिली व्हई. बिजागरीजवळ दाबा."

त्यांनी बिजागरीजवळ दाबलं. मग पडदा पुढे केला, मागे केला, थोडा तिरका करून दाबला. पडदा काळाच.

"काही नही रे."

"परत आयका बरं. नीट."

टीं टीं. मी पोळपाट सोडून दारात आले. आता बोलावं, असं मनात आलं. पण समोर रिसीव्हर होता, रिसीव्हरच्या पलीकडे कुंदन होता. परक्या माणसाच्या कानावर घालायची ती गोष्ट नव्हती. मग कारखान्याची भाषा आठवली. त्यांची नजर वर आली तशी मी पिठाची दोन बोटं उंच धरली.

हिलालांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "दोन नको, एकच कप कर. कुंदन कोठे इठे येल शे?" आणि कुंदनला म्हणाले, "तीन."

"तीन तं मेमरी," कुंदन म्हणाला. "खालनं झाकण खोला. आत हिरवी पट्टी शे. काढा, सोनेरी दात खोडरबरवर घासा, परत बसाडा."

मी चहा ठेवला, कारण तो आता ठेवणं भाग होतं. आणि दारात उभी राहून बघत राहिले. खरं सांगायचं तर मला बघायला आवडतं. तुटलेला धागा चालत्या लूमवर गाठणारी ती बोटं. त्यांनी पेचकसाने स्क्रू काढले, ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ताटलीत मांडले. पट्टी काढली, नूतनच्या खोडरबराने हळुवार घासली, फुंकर मारली, बसवली. लहान मुलाचं नाक पुसावं तसं. मशीनमध्ये काही बिघडलं नव्हतं आणि हे ते इतक्या निगुतीने दुरुस्त करत होते की मला भरून आलं, आणि थोडं हसूही आलं.

पडदा काळाच.

"आते?" कुंदनने विचारलं.

टीं टीं.

"चार," हिलाल म्हणाले. या वेळी माझ्याकडे बघितलंही नाही.

"काका," कुंदन म्हणाला, "आधी एक, मंग तीन, आते चार. मशीन असं शब्द बदलत नही. असं करस तं मेन बोर्ड गया. बंद करीसन ठेवा. मी कंपनीले धाडस. महिना-दोन महिना लागतीन."

त्याच वेळी नूतन दारात आली. चपला काढायच्या आतच बोलायला लागली: "मम्मी, काम मिळालं! दिवाळीच्या साड्या आहेत, आजपासूनच करायला..." आणि मग तिला उघडं झाकण दिसलं, ताटलीतले स्क्रू दिसले, आणि पप्पांचा चेहरा.

"बोर्ड गया म्हनस कुंदन," हिलाल म्हणाले. "मन्हा हातखाल गया."

नूतनने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या ध्यानात सगळं आलं, कारण ते दोनदा टीं तिनेही बाहेरून येता येता ऐकलंच असणार. ती त्यांच्या समोर जाऊन, ओठ नीट दिसतील अशी उभी राहिली.

"पप्पा, द्या ना, मी बोलते. तुम्ही सकाळपासून दमला असाल."

"मी दमेल नही. फोन मी घेस."

"हो, तुम्हीच घेता. पण या मशीनचा आवाज ना, कंपनीनेच फार बारीक ठेवलाय. कोणालाच येत नाही नीट."

"हो बाई," मी म्हटलं, "मलाही नाही आला."

टेलिफोन खात्याच्या जोडीला आता आम्ही लॅपटॉपच्या कंपनीलाही घेतलं होतं.

हिलालांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग रिसीव्हर तोंडाशी नेला. "थांब रे कुंदन. आखो एक डाव आयकस."

त्यांनी मशीन बंद केलं. चालू केलं. पण या वेळी ते वाकले नाहीत, कान लावला नाही. मशीनकडे पाठ करून ते आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. बारीक डोळे करून, कारखान्यात चार लूम पलीकडच्या माणसाचं बोलणं वाचावं तसे. आम्ही दोघी पुतळ्यासारख्या. मी ठरवलं होतं, हलायचं नाही.

टीं. नूतनची पापणी हलली. माझी मान मशीनकडे वळली. माझ्या मनाविरुद्ध वळली.

टीं. नूतनचीही वळली.

आम्ही पुन्हा त्यांच्याकडे बघितलं तेव्हा ते आमच्याकडेच बघत होते. रागावले नव्हते. खिशात शोधत असलेली वस्तू हातातच सापडावी, तसा चेहरा होता. रिसीव्हर खाली लोंबत होता आणि त्यातून कुंदन ओरडत होता, "काका? ओ काका! किती डाव?"

नूतनने ओठ उघडले. हिलालांनी हाताने तिला थांबवलं. रिसीव्हर उचलला, नेहमीसारखा कानाला लावला नाही, फक्त तोंडाशी धरला.

"कुंदन, माले आयकू येत नही रे," ते म्हणाले. "बारीक काहीच आयकू येत नही. धर, मन्ही पोर सांगस तुले."