शनिवारच्या वर्गातला करारनामा

“अगं बाई, एवढा जाड कागद! चहाच तर विकायचाय ना आपल्याला?”

हा आवाज गिरिजाबाईंचा. सात वर्षं झाली, पण पदराला वास बसावा तसा तो माझ्या पहिल्या पानावर बसून आहे.

मित्रांनो, मी एक जुना करारनामा आहे. एकेचाळीस पानांचा. माझे कोपरे दुमडलेत, पिन गंजलीय, चौथ्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. मी फार दमलो आहे. तरी दर शनिवारी दुपारी मला कपाटातून उठावं लागतं, कारण जालन्यात रामप्रसाद वकिलांच्या माडीवर तरुण वकिलांचा वर्ग भरतो आणि तो वर्ग मलाच वाचून शिकतो.

माझा जन्म एका मोठ्या शहरात, चहाच्या कंपनीच्या ऑफिसात झाला. माझ्यासारखे कितीतरी भाऊ त्या दिवशी यंत्रातून गरमागरम बाहेर पडले. सगळ्यांचा मजकूर एकच, फक्त नावाची जागा कोरी. माझ्या कोऱ्या जागेत नाव पडलं वडीगोद्रीच्या कडूबांचं. त्यांचं हायवेला चहाचं हॉटेल होतं. आता पाटी कंपनीची, चहापूड कंपनीची, कपसुद्धा कंपनीचे. जागा आणि कष्ट मात्र कडूबांचे. याला फ्रँचायझी म्हणतात.

सहीच्या आधी कडूबा मला घेऊन रामप्रसाद वकिलांकडे आले. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. वकीलसाहेबांनी इंग्रजी भरभर वाचलं, मधूनमधून मराठीत सांगितलं. मुदत तीन वर्षं. माल कंपनीकडूनच घ्यायचा. तेविसाव्या कलमाशी ते आले, तेही वाचलं, पान उलटलं.

“समजलं ना, कडूबा?”

“समजलं, साहेब.”

आणि सही झाली.

घरी त्यांच्या बायकोनं, गिरिजाबाईंनी विचारलं, “काय लिव्हलंय वो यात?”

“सगळं बराबर हाये. समजून घेतलंय म्या,” कडूबा म्हणाले, आणि मला गल्ल्याखालच्या कप्प्यात सारलं.

ते माझे सुखाचे दिवस. कप्प्यात अंधार होता, पण वर चहा उकळायचा. गिरिजाबाई कंपनीच्या चहात स्वतःचा मसाला घालायच्या. सुंठ, वाळवलेला गवती चहा, आणि आणखी काहीतरी, जे त्या भाजून घ्यायच्या. खलबत्त्याच्या ठेक्यावर त्यांनीच जुळवलेली ओळ चालायची:

सुंठ कुटिते बाई मी, गवती चहाची जुडी गं,
पहिल्या घोटाच्या वासानं थांबे रस्त्याची गाडी गं.

आणि गाडी थांबायचीही. एक दिवस कंपनीचा साहेब थांबला. दोन कप प्याला, तिसरा मागितला. “मावशी, काय घालता यात?” गिरिजाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी भाजायचं किती, कुटायचं किती, सगळं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. पुढं तोच मसाला पुडीत भरून कंपनीच्या सगळ्या दुकानांत आला.

तीन वर्षं सरली. करार पुढं वाढवला नाही, पाटी उतरली. कडूबांनी आपल्या नावाची पाटी लावली आणि गिरिजाबाईंनी आपला चहा उकळला. महिन्याभरात नोटीस आली. दुकानदारानं चहात जी काही नवी भर घातली असेल, ती कंपनीच्या मालकीची. तेविसाव्या कलमात तसं लिहिलं होतं. तो मसाला आता गिरिजाबाईंना विकता येणार नव्हता.

“माझंच तोंड सैल,” त्या म्हणाल्या. “म्याच सांगितलं त्या माणसाला.”

कडूबा काही बोलले नाहीत. मित्रांनो, मी पाहत होतो. मला कप्प्यातून काढून ते माझ्याकडं बघत होते. त्या दिवसापासून खलबत्ता पालथा पडला. गिरिजाबाई नुसता आल्याचा चहा करू लागल्या, आणि ती ओळ मी पुन्हा ऐकली नाही.

“साहेब, ह्यो कागद घरात नको,” म्हणत कडूबांनी मला वकिलांकडं आणून टाकलं. रामप्रसाद साहेबांनाही माझ्यामुळं झोप लागेनाशी झाली असावी. त्यांनी फ्रँचायझीचा कायदा नव्यानं वाचून काढला. आता तर केकची दुकानं, कपड्यांची दुकानं, शिकवण्या, सगळ्यांच्या शाखा तालुक्यापर्यंत येऊन राहिल्यात. वकिलांना हे आलंच पाहिजे, असं म्हणून त्यांनी वर्ग काढला. माझ्यावरची नावं काळ्या शाईनं झाकली आणि मला टेबलावर ठेवलं.

एकजण कंपनी व्हायचा, एकजण दुकानदार, आणि दोघं माझ्यावरून भांडायचे. हद्द किती? मुदत संपल्यावर पाटी कोण उतरवणार? दुकानात काढलेली नवी युक्ती कोणाची? “हा करार म्हणजे खजिना आहे, सर,” असं भोकरदनचे एक वकील म्हणाले आणि त्यांनीच माझा कोपरा दुमडला. माझ्या झेरॉक्स इतक्या निघाल्या की खरा मी कोणता, हे मलाच कळेना.

प्रत्येक वर्गात साहेब एक वाक्य बोलायचे. “मी त्या पक्षकाराला वाचून दाखवलं होतं. तो ‘समजलं’ म्हणाला होता.” पुढं त्यांनी एक चिठ्ठीच छापून घेतली: ‘करार मला समजला आहे.’ करार वाचून झाला की पक्षकाराची त्यावर सही घ्यायची. वकिलाच्या डोक्याला ताप नको.

मला प्लास्टिकच्या पिशवीत जपा असं मी म्हणत नाही, मित्रांनो. कागदाला जपणारे पुष्कळ असतात. माझ्यावर बोट ठेवून विचारा, “हे काय आहे?” पुन्हा विचारा. विचारणाऱ्याला हसू नका. माझं जपणं तेवढंच.

गेल्या शनिवारी राजनंदिनी नावाची वकील वर्गात खरी पक्षकार घेऊन आली. नाव पायल. अंबडला बेकरीची फ्रँचायझी घेणार होती, सोमवारी सही. तिच्या हातची ज्वारीची नानकटाई गावात प्रसिद्ध. ती दुकानात ठेवायची हौस म्हणून डबाभर बरोबर आणली होती. सोबत तिचे सासरे आले होते. साहेब एकदम उठून उभे राहिले.

“या, कडूबा. बसा.”

कडूबा माझ्या शेजारीच बसले. त्यांनी मला ओळखलं. चहाचा डाग त्यांच्याच कपाचा होता.

राजनंदिनीनं नवा करार सुंदर वाचला. चुकली नाही, अडखळली नाही. एकोणिसाव्या कलमात तेच होतं, दुकानदारानं काढलेला नवा पदार्थ कंपनीचा. तेही तिनं वाचलं. पायलनं नानकटाईचा डबा उघडून सगळ्यांपुढं सरकवला.

“समजलं ना, पायलताई?”

“हो मॅडम. समजलं.”

राजनंदिनीनं चिठ्ठी पुढं केली. साहेब समाधानानं वर्गाकडं वळले. “बघा, हीच पद्धत. यांनाही मी असंच सांगितलं होतं. विचारा त्यांना. काय, कडूबा?”

कडूबांची मान सवयीनं हलू लागली. मग थांबली. त्यांनी पायलच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“न्हाई समजलं तिला. ही नानकटाई कंपनीची होनार, अन् ती डबा वाटून राह्यलीय.”

“मामंजी...” पायल ओशाळली.

“थांब पोरी. साहेब, मलाबी तव्हा न्हाई समजलं होतं. तेविसावं कलम तर बिलकुलच न्हाई. बाहेर माणसं बसलेली, तुमी एवढे शिकलेले. न्हाई म्हणायची लाज वाटली.” त्यांनी माझ्यावर हात ठेवला. “अन् घरी सांगितलं, समजून घेतलंय म्हणून. मंग नोटीस आली, तर हिची सासू सोताच्याच तोंडाला बोल लावू लागली. म्या लावू दिला. आज इतकी वर्सं तिला वाटतंय, तिनंच घालवलं. चूक माझी होती, साहेब. तिला म्या अजून सांगितलं न्हाई.”