इस्त्री करून नेलेलं दुखणं

टक्.

पाकिटातून गोळी निघाल्याचा एवढासा आवाज, पण दुपारच्या शांततेत तो ओट्यापाशी उभ्या असलेल्या जाऊबाईंच्या कानावर गेलाच. आतल्या खोलीत पिल्लूचा नुकता कुठे डोळा लागला होता.

"कसली गं गोळी?"

"पित्ताची. छातीत दुखतं ना मला, म्हणून डॉक्टरांनी दिलीय," धाकटी म्हणाली आणि तिनं पाण्याचा पेला उचलला.

जाऊबाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला, पाकीट उलटंपालटं केलं. "थांब, धाकटे. ही मी ओळखते. माझे बाबा गेले तेव्हा कित्येक महिने हीच गिळत होते मी. मन शांत ठेवायची गोळी आहे ही. पित्ताचा हिच्याशी काय संबंध?"

पेला हवेतच राहिला.

"भाऊजींना माहीत असेल ना? तेच आणतात की औषधाच्या दुकानातून."

जाऊबाई एवढंच बोलल्या आणि भांडी विसळायला वळल्या. पण संशयाला घरात शिरायला फट लागते कितीशी? धाकटीला आता एकेक आठवायला लागलं. डॉक्टरांकडे गेलं की प्रश्न तिला विचारला जायचा आणि उत्तर शेजारच्या खुर्चीतून यायचं. "झोप नसते हो तिला. पोर लहान. त्यात स्वभाव हळवा." मग डॉक्टर हसायचे. "हार्ट? अहो, ते आमच्या वयाच्या माणसांचे लाड! तुमची ईसीजीची पट्टी बघा, एकदम झकास आलीय." आणि मागच्या खेपेला म्हणाले होते, "हल्ली रडूही येतं म्हणे?"

म्हणे! ती रडली होती एकदाच, न्हाणीघरात, नळ सोडून. ते ठाऊक होतं एकट्या नवऱ्याला.

तिनं फोन लावला. "ती गोळी पित्ताची नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "डॉक्टर म्हणाले, खरं सांगितलं तर ती घेणार नाही. अगं, तुझ्या भल्यासाठीच…"

"संध्याकाळी डॉक्टरांकडे मी एकटी जातेय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

एकटी कसली! जाऊबाईंना कामावर जायचं होतं, म्हणून पिल्लूला बरोबर घ्यावंच लागलं. दवाखाना वरच्या मजल्यावर. अर्ध्या जिन्यात पिल्लूनं हात वर केले, "उचल." तिनं उचललं आणि ते आलंच. छातीवर कुणी गुडघा रोवावा तसं, मग जबड्यात, मग डाव्या हातात कोपरापर्यंत. ती कामाला जायची त्या पडद्यांच्या दुकानात जड पडदा दोन्ही हात वर करून टांगताना यायचं, अगदी तसंच. खाली बसलं की हळूहळू ओसरायचं.

वर दाराबाहेर बाक होता. दर वेळी ती त्यावर बसायची, घाम पुसायची, केस सारखे करायची. श्वास जाग्यावर आला की मगच आत. माणसात धापा टाकत कसं जायचं? आणि दुकानात पहिल्या दिवशी मालकिणीनं शिकवलेलंही तेच होतं. गिऱ्हाइकासमोर चुरगळलेला पडदा उलगडायचा नाही.

बाकावर हात टेकता टेकता तिला लख्ख कळलं. दर वेळी आपण डॉक्टरांना दुखणं इस्त्री करून दाखवत आलो.

ती बसली नाही.

"बसा ना ताई, नंबर आला की बोलावते," टेबलामागची मुलगी म्हणाली.

"बसले की थांबतं. म्हणूनच बसत नाही." तिनं पिल्लूला खाली उतरवलं आणि दार ढकललं.

डॉक्टरांनी मान वर केली. "अरे! मिस्टर कुठायत?"

"कामावर. दुखतंय मला, त्यांना नाही." शब्द धापेत अडकत होते. "आत्ता दुखतंय. पट्टी आत्ता काढा."

"काढली होती की मागे. नॉर्मल…"

"तेव्हा दुखत नव्हतं. काढणार नसाल तर तसं लिहून द्या. दुखत असताना तपासायला नकार दिला म्हणून. खाली सही."

डॉक्टरांचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्यांनी नर्सला हाक मारली.

छातीवर गार चकत्या बसल्या. यंत्र कुरकुरलं, कागद सरकू लागला. धाकटीनं कागदाकडे पाहिलंच नाही. ती डॉक्टरांच्या चेहऱ्यावर नजर लावून होती. आता कुठलं गोड काहीतरी सांगतात, बघू. जुनी पट्टी काढून त्यांनी नवीच्या शेजारी धरली, आणि नर्सला हळूच म्हणाले, "गाडी बोलवा. मोठ्या हॉस्पिटलला कळवा."

मग तिच्यापुढे एक गोळी आली. "ही चावून खा."

"कसली?"

"घ्या आधी, मग…"

"नाव सांगा. मोठ्यानं."

त्यांनी नाव सांगितलं, कशासाठी तेही सांगितलं. तिनं नर्सकडे पाहिलं. नर्सनं मान हलवल्यावरच तिनं ती गोळी चावली.

"तुम्ही आधी असं काही…" डॉक्टर पुटपुटले.

"सांगितलं होतं. गुडघा रोवल्यासारखं, हेच शब्द होते. तुम्ही पित्त म्हणालात."

त्यांनी फोन उचलला. "मिस्टरांना मी समजावतो."

"नको. तुमचं दोघांचं बोलणं पुष्कळ झालं."

पिल्लू नर्सचं बोट धरून खाटेजवळ आली. आईच्या छातीवरच्या तारांना हात न लावता तिनं त्या नीट पाहिल्या. मग डॉक्टरांकडे पाहिलं. मग तोंड आईच्या कानाशी नेऊन, गुपित विचारावं तसं विचारलं,

"आई, आता बाबांना खरं वाटेल?"