पापलेटने चाटलेला चमत्कार

रविवारी सकाळी नारळीच्या बागेतल्या मांगरासमोर, म्हणजे झावळ्यांच्या खोपटासमोर, पाय ठेवायला जागा नव्हती. दोन म्हशी, पाच-सहा शेळ्या, पिशवीतून फक्त डोकी बाहेर काढलेली मांजरं, पायाला सुतळी बांधलेला एक कोंबडा, आणि एका होमस्टेवाल्याने काचेच्या भांड्यातून आणलेला शोभेचा मासा. मासा म्हणे उदास होता. विठोबा तांडेल त्या भांड्यात वाकून बघायला लागला, तेव्हा होमस्टेवाल्याने भांडं दुसऱ्या मांडीवर घेतलं. तांडेलाच्या नजरेत कौतुक नव्हतं, मसाला होता.

मुकेनाथ महाराजांचा दरबार भरला होता. मुक्या जनावरांची भाषा त्यांना कळते, अशी ख्याती. ते मूळचे कुठले, हे मात्र कोणालाच कळत नव्हतं. मालवणात म्हणत फोंडाघाटचे, फोंडाघाटात म्हणत दोडामार्गचे, आणि दोडामार्गात विचारलं तर थेट हिमालयाचे.

एक म्हैस पुढे आली. महाराजांनी भस्माने माखलेला उजवा हात तिच्या कपाळावर ठेवला, कान तिच्या तोंडाशी नेला आणि मान डोलावली. ही म्हणते, मालकिणीच्या थोरल्या जावेची नजर लागली. मालकिणीने लगेच पदर डोळ्याला लावला, कारण जावेविषयी तिचा संशय जुनाच होता. सकाळपासून जेवढी जनावरं बोलली, ती सगळी कोणा ना कोणा जावेचं, नणंदेचं नाहीतर बांधाच्या शेजाऱ्याचं नाव घेत होती. आपला मालक वेळेवर वैरण घालत नाही, असं एकही जनावर म्हणालं नाही.

मग महाराजांनी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्यां मुक्या लेकरू तुझ्या दारात इलेलां आसा..."

"व्हय म्हाराजा," गर्दी म्हणाली.

"तेच्यार जी काय कोणाची नजर, कोणाची करणी आसात, ती भायर काढ रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

गाऱ्हाण्याला व्हय म्हणायची सवय या किनाऱ्यावर इतकी पक्की, की मधेच कोणी 'तुमची घरां माझ्या नावार करा रे म्हाराजा' म्हटलं असतं, तरी निम्मी गर्दी व्हय म्हणून मोकळी झाली असती.

शेवटी खरा चमत्कार. समोर काचेचा वाडगा, त्यात स्वच्छ गुलाबी तीर्थ. महाराजांनी म्हशीच्या कपाळावरचा हात उचलून त्या तीर्थात बुडवला आणि ढवळला. बघता बघता गुलाबी पाणी निळसर झालं, मग गटारावरच्या शेवाळासारखं हिरवंकाळं. लोकांनी श्वास रोखला. पीडा उतरली होती, सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होती. महाराज उठून मांगरातल्या पडद्याआड गेले. प्रत्येक जनावरानंतर ते असे जात. उतरलेली पीडा समुद्रात सोडायला मनानेच जावं लागतं, असं त्यांचा शिष्य दीपेश सांगे. परत येत तेव्हा हातावर ताजं भस्म असे.

महाराज पैशाला हात लावत नसत. पैसे घ्यायचा चौकोनी क्यूआर कोड त्रिशुळाच्या दांड्याला चिकटवलेला होता, त्यामुळे हात लावायची वेळच येत नसे.

या गर्दीत विठोबाची बायको यमुनाबाई तांडेल मासळीची रिकामी पाटी कडेवर घेऊन उभी होती. पाटीत गोधडी, गोधडीवर पापलेट. पापलेट म्हणजे तिचा कुत्रा. पिल्लू असताना पांढराफटक होता आणि अंगणात चपटा होऊन पसरायचा, म्हणून विठोबाने हे नाव ठेवलं होतं. एरवी बाजारात तिच्या पाटीशेजारी बसून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चपला हुंगणारा हा गडी आठवडाभर जेवला नव्हता. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. डोळे उघडायचा, तिला बघायचा, पुन्हा मिटायचा.

तिने काही केलं नाही असं नाही. शहरातल्या काचेच्या दाराच्या दवाखान्यात ती त्याला घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोचिडताप आहे म्हणून सांगितलं, ॲडमिट करावं लागेल म्हणाले. काउंटरवरच्या मुलीने अंदाजी खर्चाचा कागद पुढे केला. तो आकडा बघून विठोबाला एवढंच सुचलं की, एवढ्यात होडीचं इंजिन खोलून पुन्हा बसवता येतं.

आता ही यमुनाबाई कोण, तर जी बांगड्याच्या वाट्यावरून मुंबईच्या पाहुण्याला घाम फोडते. जिच्याशी भाव करून हरलेले दोन वकील आहेत. पण काचेचं दार दिसलं की आपली माणसं कचेरीतली मराठी बोलायला लागतात, आणि त्या मराठीत यमुनाबाईला तीनच गोष्टी बोलता येत: 'हो', 'बरं' आणि 'धन्यवाद'. भाव करायची तिची सगळी विद्या मालवणीत. तिने कागद घडी करून चोळीत ठेवला, 'बरं, धन्यवाद' असं म्हणाली, आणि घरी येऊन पडवीत बसून रडली. कमी खर्चात काही होईल का, हा एक प्रश्न तिने विचारला नाही. बांगड्यासाठी विचारला असता.

आणि मग कोणीतरी महाराजांचं नाव सांगितलं.

सोबतीला शेजारच्या कार्मेलिना टीचर आल्या होत्या. गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, विज्ञान शिकवणाऱ्या. गर्दीतल्या निम्म्या लोकांचे कान कधी ना कधी त्यांनी पिळलेले. यमुनाबाईला त्यांनी वाटेत पुष्कळ समजावलं. शेवटी तिने, तुम्ही चर्चात मेणबत्ती पाजळता तेव्हा मी काय म्हणतंय काय, असं विचारलं. त्यावर टीचर म्हणाल्या की, मेणबत्ती पेटवल्यावर मी गोळी घ्यायची थांबत नाही. टीचरांना मोतीबिंदू झालेला. मागे उभं राहून त्यांना महाराज, म्हैस आणि मांगर एकाच रंगाचे दिसत होते.

पापलेटची पाळी आली. यमुनाबाईने पाटी खाली ठेवली. महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. जबर पीडा होती. पाच रविवार यावं लागणार होतं, आणि तोवर डॉक्टरचा एक थेंबही पोटात जाता कामा नये, नाहीतर पीडा रुसून हाडात बसते. दीपेशने तोवर कोड यमुनाबाईच्या बाजूला फिरवला होता.

"पाच आयतवार?" यमुनाबाईचा आवाज बारीक झाला. "तोपर्यंत ह्यो जगतलो मां, म्हाराजांनू?"

"मी उपाशी राहून त्याच्यासाठी तप करतोय," महाराज म्हणाले. "तीन महिने दुधाशिवाय काही घेतलेलं नाही." आणि त्यांनी भस्माचा हात पापलेटच्या कपाळाकडे नेला.

पापलेटने डोळे उघडले. नाक हललं. आठवडाभर मान न उचललेल्या त्या कुत्र्याने मान उचलली आणि महाराजांचा तळहात चाटायला सुरुवात केली. तळवा चाटला, बोटं चाटली, बोटांच्या बेचक्या चाटल्या. तो जन्मभर मासेवालीच्या हातावर वाढला होता, आणि तळलेला बांगडा खाऊन नुसत्या भस्माने पुसलेला हात कसा असतो, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

महाराजांना हात ओढून घेता येईना. पीडा बोलायला लागली की जनावर जीभ लावतं, असं त्यांनी आधीच्या शेळीच्या वेळी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. गर्दीने भक्तिभावाने हात जोडले. पापलेटने शेवटी करंगळीही सोडली नाही.

गाऱ्हाणं झालं. व्हय म्हाराजा झालं. महाराजांनी हात तीर्थात बुडवला.

तीर्थ गुलाबी होतं. तसंच राहिलं.

महाराजांनी ढवळलं. मनगटापर्यंत हात घातला. मंत्र मोठ्याने म्हटला. तीर्थ आपलं छान गुलाबी, सणाच्या पंगतीत वाढावं असं. महाराज पडद्याकडे जायला उठले, पण लोक चमत्काराच्या ओढीने इतके पुढे सरकले होते की वाट उरली नव्हती.

कोणीतरी मागून दबक्या आवाजात म्हणालं, "पीडा नायच. कुत्र्यात देव आसा."

झालं. आता लबाडी उघडी पडेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही गर्दी पाहिलेली नाही. म्हशीच्या मालकिणीने पापलेटपुढे नारळ ठेवला. एकाने त्याच्या शेपटीला हळद लावली. होमस्टेवाला आपला उदास मासा त्याच्या नजरेखालून नेऊ लागला. दीपेशने महाराजांकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं, आणि कोडासकट त्रिशूळ उपटून हळूच पाटीच्या शेजारी रोवला.

यमुनाबाईचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. पापलेटच्या तोंडाला पांढरं काहीतरी लागलं होतं, आणि तो जीभ बाहेर काढून ओकारी आल्यासारखं करत होता. तिने पदराच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं. पदरावर सकाळच्या पेजेच्या वेळी कोकमाचं आगळ सांडलं होतं, त्याचा लालसर डाग होता. तोंड पुसून तिने पदर पाहिला.

डाग निळसर झाला होता. मग शेवाळी.

यमुनाबाई पदराकडे बघत राहिली. हा रंग तिच्या ओळखीचा होता. विठोबाच्या सदऱ्यावर सोलकढी सांडली आणि त्यावर साबण घासला की डाग असाच फिरतो. गेली पंचवीस वर्षं ती दगडावर हीच पीडा उतरवत होती, आणि तिच्यापुढे एक नारळही कोणी फोडला नव्हता.

तिने वाडग्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"टीचर," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज मासळीबाजारातला होता. "ह्यां तीर्थ न्हय. ह्यां आगळ आसा. मीठपण घातलेलां नाय मेल्यान."

टीचर पुढे आल्या. वाडगा डोळ्याजवळ नेला, पदर डोळ्याजवळ नेला. मग यमुनाबाईच्या कमरेची पानाची पिशवी मागितली, त्यातल्या डबीतला चुना बोटावर घेतला, वर उदबत्तीची थोडी राख चोळली, आणि बोट वाडग्यात फिरवलं. महाराजांना न जमलेलं तीर्थ टीचरांच्या बोटासरशी निळं झालं, मग हिरवंकाळं. कुठेही कोणाची पीडा उतरली नव्हती. टीचरांना पाठीचा त्रास होता, तोसुद्धा तसाच होता.

"चुना," टीचर म्हणाल्या. "भस्माखाली चुना. कोकम आंबट, चुना त्याच्या उलट. दोघे भेटले की रंग बदलतो. पडद्याआड जाऊन ह्यो नवीन चुना लावी. कुत्र्याने आज तो चाटलो, म्हणून देव पावलो नाय." त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. "सातवीत तुमका सगळ्यांका करून दाखवलं होतं मां मी? एकाच्याय ध्यानात नाय?"

गर्दी खाली बघू लागली. मोठमोठी मिशीवाली माणसं पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. टीचरांची नजर फिरत फिरत त्रिशुळामागे दडलेल्या शिष्यावर थांबली. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.

"दीपेश. तू शेवटच्या बाकावरचो मां रे?"

"व्हय टीचर," दीपेश सवयीने उभा राहिला.

"म्हणजे एकान ध्यानात ठेवलां," टीचर म्हणाल्या. त्यांना रागवावं की समाधान मानावं, ते क्षणभर कळेना. "इतकी वर्षां शिकवलंय, आणि प्रयोग ध्यानात ऱ्हवलो तो ह्याच्या."

या गडबडीत मांगराच्या मागे मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. महाराज पीडा सोडायला या खेपेला मनाने नव्हे, पेट्रोलवर गेले होते. मागे राहिलेल्या नारळांतला कोणता कोणाचा, यावर भांडण जुंपलं आणि तेवढ्यात शेळ्यांनी हार खाल्ले. पडद्याआड चुन्याचा डबा, आगळाची बाटली आणि केळीच्या पानावर बांगड्याचा काटा सापडला. काटा इतका स्वच्छ खाल्लेला होता की विठोबाला त्या माणसाबद्दल थोडा आदर वाटला.

यमुनाबाई मात्र थांबली नाही. पाटी उचलून चालू लागली. खायचा चुना थोडासाच गेलाय, पाणी पाज, असं टीचर मागून सांगत होत्या. आणि गुरांच्या दवाखान्यात चल, असंही. तो तर गुरांचा, असं यमुनाबाई म्हणाली. वाडीतल्या सगळ्यांचा तोच समज होता. गाई-म्हशींसाठी आहे म्हणून त्या सरकारी दवाखान्याच्या दारावरून कुत्र्यांना नेऊन लोक महाराजांकडे जात होते. टीचरांनी वाटेतूनच तिथल्या डॉक्टर जानकींना फोन लावला. रविवार असूनही त्या आल्या.

दवाखान्याच्या पायरीवर यमुनाबाईच्या तोंडात सवयीने 'हो, बरं' आलं होतं. पाटीत पापलेटने मान टाकली होती. तिने ते शब्द गिळले.

"डॉक्टरबाय," ती म्हणाली, "ह्यो माका जितो व्हयो. काय करूक व्हया, कितको खर्च येतलो, आणि कमीत कमी कितक्यात होयत, तां पयलां सांगा. माका लाज नाय."

डॉक्टर जानकींनी चोळीतून निघालेला घामट कागद वाचला. त्या डॉक्टरांनी लिहिलंय ते बरोबरच आहे, म्हणाल्या. ॲडमिट करणं सगळ्यांत उत्तम. ते परवडत नसेल तर इंजेक्शन, गोळ्यांचा पूर्ण कोर्स, अंगावरच्या गोचिडी वेचायच्या आणि एक दिवसाआड इथे आणून दाखवायचा. मी हमी देणार नाही, पण वेळ गेलेली नाही. पाच रविवार थांबला असतात तर गेली असती.

"तुम्ही त्यांना तिथेच विचारलं असतंत, तर त्यांनीही हेच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या.

यमुनाबाई पापलेटची गोधडी सारखी करू लागली. विठोबा म्हणाला, "मराठीत होती ती तेव्हा."

खर्च आला. फुकट काही झालं नाही, आणि तिने औषधाच्या दुकानात दोन रुपये कमी करून बघितलेच. पण तो खर्च एका चांगल्या सुरमईच्या भावात बसला. विठोबा रोज संध्याकाळी चष्मा लावून कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी वेची आणि रॉकेलच्या वाटीत टाकताना प्रत्येकीला महाराजांचं नाव ठेवी. कोर्स संपायच्या आधीच एका सकाळी पापलेट बाजारात पाटीशेजारी येऊन बसला, आणि गिऱ्हाईक भाव करत असताना त्याने पाटीतला बांगडा उचलला. यमुनाबाईने कोयता उगारला, मग खाली ठेवला. हिरड्या लाल दिसत होत्या.

अजूनही तिच्याकडे कोणी आजारी मांजराची, कुत्र्याची रड घेऊन आलं, की ती पदराचा तो शेवाळी डाग दाखवते. मुद्दाम धुतलेला नाही. आणि सांगते: डॉक्टराक इचारा, खर्च कितको, आणि नाय परवडलो तर दुसरां काय. मासळीचा भाव तोंड वर करून विचारता, मग जिवाचा विचारायला कसली लाज? जो विचारू देतो, तो डॉक्टर. विचारलं की ज्याची पीडा रुसते, त्याचा हात आधी कुत्र्याला चाटायला द्या.