पेवाचं तोंड

आमच्या जुन्नरच्या आळीत दुपारी साधी स्कूटर आली तरी चार खिडक्या उघडतात, इतकी शांतता. तिथंच धान्याच्या व्यापाऱ्याचं शंभर वर्षांचं घर आहे. मालक पुण्यात. माझे भगवंतमामा ते सांभाळतात आणि वरच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतात. सागवानी खांब, पितळी कड्या, खिडकीतून थेट शिवनेरी! मी मूळची पिंपळवंडीची, पण शाळेसाठी मामांकडे राहते. वक्तृत्वात तालुक्यात दुसरी आल्यापासून पाहुण्यांना घर दाखवायचं काम मी स्वतःच अंगावर घेतलं.

एप्रिलमध्ये पुण्याहून वैजयंतीताई आली. जुन्या घरांचा अभ्यास करणारी, गळ्यात कॅमेरा. सकाळपासून मी तिला घराच्या गमती सांगत होते. त्यातल्या निम्म्या माझ्याच.

"हे काय गं?" तिनं अंगणातल्या दगडी झाकणाकडे बोट दाखवलं.

"पेव. जमिनीतलं कोठार. तोंड बारकं, आत मडक्यासारखं फुगलेलं. दोन पुरुष खोल!"

"उतरता येतं?"

मामा बेल्ह्याच्या बाजाराला गेले होते. ते पेव उघडायचे तेव्हा दिवसभर नुसतं उघडं ठेवायचे. मग दोरीनं पेटता कंदील सोडायचे. तो तळाशी जळत राहिला तरच शिडी. दोन वर्षांत तेही झालं नव्हतं. पण "विचारून सांगते" म्हणायची मला सवयच राहिली नव्हती.

"हो तर! आमी रोज उतरतो."

दोघींनी पहार लावून झाकण सरकवलं. मी शिडी सोडली. ताई भराभर उतरली. तिचं डोकं तोंडाच्या हातभर खाली गेलं आणि मला वास आला. आंबलेला, कोंदट.

ताईला तिथंच शिडीवर थांबायला सांगून मी धावत जाऊन कंदील पेटवून आणला. शिडीच्या कडेनं तो खाली सोडला. ताईच्या गुडघ्यांपाशी पोचला आणि विझला.

"वारा लागला वाटतं," ताई म्हणाली.

पेवात कुठला वारा!

"ताई, वर या."

"एकच फोटो."

"ताई, मी खोटं बोलले. आमी कदीच उतरत नाय. दोन वर्षं बंद व्हतं हे. आतली हवा खराब आहे, वर या ना!"

ती मान वर करून हसली. "आता मला घाबरवणार का? सकाळचं भूत पुरे झालं."

ते भूतही मीच रचलेलं होतं.

ती फोटोसाठी खाली वाकली. कॅमेरा भिंतीवर आपटला. तिचं कपाळ शिडीच्या पायरीवर टेकलं आणि तसंच राहिलं.

"कुशामावशी!" मी ओरडले. शेजारच्या कुशाबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या. त्या कठड्यावरून डोकावल्या.

"आत उतरू नगंस! पालथी पड, आले मी!"

मी पालथी पडले, श्वास रोखला आणि खांद्यापर्यंत हात आत घालून ताईचं मनगट धरलं. थंडगार. कुशाबाईंनी येऊन माझे पाय दाबून धरले.

"ओढ!"

"हलत नाय मावशी!"

"मंग जागं कर तिला! एरवी तोंड मिटत न्हाई तुजं, आता बोल की!"

"ताई! उजवा पाय उचला! उजवा!" काहीच नाही. "ताई, पाय!"

चप्पल खाली पडल्याचा आवाज आला. मग पाय एक पायरी चढला. परत थांबला. मी पुन्हा ओरडले. दुसरी पायरी. केस दिसताच कुशाबाईंनी तिच्या काखेत हात घातले, आणि तिघी अंगणात कोसळलो. ताईचे ओठ निळसर होते. ती ओकली, खोकली आणि लहान मुलासारखी रडायला लागली.

डॉक्टर येऊन गेले. आज रात्र कुणीतरी जवळ बसा, म्हणाले.

संध्याकाळी मामा आले. झाकण सरकलेलं बघून दारातच थांबले.

"मीच हट्ट केला, काका," ताई खाटेवरून म्हणाली.

एवढ्यावर मी सुटले असते.

"नाय मामा. त्यांनी विचारलं, तर मी म्हणाले, आमी रोज उतरतो. मीच उघडलं."

मामा ओरडतील असं वाटलं. पण ते पायरीवर बसले.

"हिच्या आईला फोन लाव," ते म्हणाले. "काय झालं ते सगळं सांग. तूच."

ताईनं नंबर सांगितला. दोनदा रिंग वाजली आणि पलीकडून एक बाई हसऱ्या आवाजात म्हणाली, "हॅलो, वैजू का?"

"नाही काकू," मी म्हणाले. "मी जुन्नरहून अक्षदा बोलतेय."